पथ्य एकट्याचे नव्हे, घराचे

घरातील एखाद्या व्यक्तीस मधुमेह अथवा रक्तदाबाचा विकार असल्याचे निदान झाले की आपल्याकडे बहुधा एकच प्रकार घडतो. आरोग्य केंद्रातून आणलेला कागद कपाटात जपून ठेवला जातो, गोळ्यांच्या वेळा ठरतात आणि दुसऱ्या दिवसापासून त्या व्यक्तीचा स्वयंपाक वेगळा होऊ लागतो. इतरांच्या ताटात भात आणि माशांचे हुमण, तिच्या ताटात दोन भाकऱ्या आणि अळणी भाजी. चहाचे आधण एक असले तरी कप निराळा. त्याचबरोबर उपदेशास प्रारंभ होतो. "हे खाऊ नका, ते सोडा, सकाळी फिरायला जा," असे घरातील लहानथोर सांगू लागतात. सांगणारे स्वतः मात्र पूर्वीप्रमाणेच जेवतात आणि कोपऱ्यावरील दुकानातही दुचाकीवरूनच जातात.

पहिले काही आठवडे हे पथ्य नेटाने चालते. पुढे सण येतो, पाहुणे येतात, पाऊस लागतो. फिरणे सुटते आणि वेगळी भाकरीही कंटाळवाणी होते. वर्षभराने तपासणी करावी तो साखर होती तेथेच किंवा त्याहून वर. मग सारा दोष रुग्णाच्या जिभेला दिला जातो. हा दोष खरोखर त्या जिभेचा आहे की घराच्या रीतीचा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

गोव्यापुढील प्रश्न

या विषयाचे महत्त्व आपल्या राज्याच्या दृष्टीने किती आहे, हे आकड्यांवरून स्पष्ट होईल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर करण्यात आलेल्या एका विस्तृत पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. २००८ ते २०२० या कालावधीत ३१ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील २० वर्षे व त्यावरील वयाच्या १ लाख १३ हजार ४३ व्यक्तींचा या पाहणीत समावेश होता. देशात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, तर उच्च रक्तदाबाचे ३५.५ टक्के आढळले. मधुमेहाच्या बाबतीत सर्व राज्यांत पहिला क्रमांक गोव्याचा होता आणि येथील प्रमाण २६.४ टक्के होते. याचा सरळ अर्थ असा की प्रौढ वयाच्या चार गोमंतकीयांमागे एकास मधुमेह आहे. चार प्रौढांचे कुटुंब घेतले तर सरासरीने प्रत्येक घरात एक रुग्ण येतो. त्यामुळे हा प्रश्न शेजारच्या घरचा म्हणून दूर ठेवता येण्यासारखा राहिलेला नाही.

असे का झाले? दोन पिढ्यांपूर्वीचे गोव्यातील खेड्याचे जीवन आठवून पाहावे. खाजन शेतीच्या बांधांची डागडुजी, कुळागराचे शिंपण, विहिरीचे पाणी ओढणे, रगड्यावर मसाला वाटणे, डोंगरावरून जळाऊ लाकडाचा भारा आणणे, बाजारासाठी दोन-तीन कोस चालणे ही रोजची कामे होती. त्या श्रमांना साजेसे जेवण होते. सकाळी दहाच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात, रात्री पुन्हा भात. त्यानंतरच्या काळात विहिरीवर पंप बसला, रगड्याची जागा विजेच्या मिक्सरने घेतली, दारात दुचाकी आली आणि शेती पडीक राहून नोकरी खुर्चीवरची झाली. ही प्रगती स्वागतार्हच होय. जळणाचा भारा पुन्हा डोक्यावर घ्यावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु श्रम गेले आणि ताटातील भाताचा ढीग मात्र तसाच राहिला. त्यात बेकरीचे पदार्थ, फरसाण आणि बाटलीबंद गोड पेये यांची भर पडली.

रक्तातून आणि ताटातून

मधुमेह घराण्यात चालत येतो, असे आपण म्हणतो. त्यात तथ्य आहे. आईवडिलांपैकी एकास हा विकार असल्यास मुलांना तो होण्याची शक्यता वाढते. परंतु घराण्यात रक्ताबरोबर आणखीही काही चालत येते. आजीच्या हाताचे मिठाचे प्रमाण सुनेच्या हातात उतरते. वडील जेवणानंतर आडवे होतात ते पाहून मुलगाही आडवा होतो. कढईत तेल किती ओतावे, भात किती वाढावा, संध्याकाळ कशी घालवावी, या गोष्टी कोणी शिकवीत नाही आणि तरीही सर्वजण शिकतात. रक्तातून आलेला वारसा बदलता येत नाही, ताटातून आलेला बदलता येतो.

या ठिकाणी शरीराचे कार्य थोडक्यात समजून घेणे उपयुक्त ठरेल. भात, पोळी वा पाव खाल्ला की पचनानंतर त्याची साखर होऊन ती रक्तात येते. ती पेशींमध्ये शिरावी यासाठी स्वादुपिंडातून इन्सुलिन नावाचा स्राव निघतो. या साखरेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. स्नायू निष्क्रिय राहिले आणि पोटाभोवती चरबी साठली की इन्सुलिनचा प्रभाव कमी पडू लागतो आणि साखर रक्तातच साचून राहते. याउलट, स्नायू काम करीत असतात तेव्हा इन्सुलिनचे फारसे साहाय्य न घेताही ते रक्तातील साखर ओढून घेतात. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्याने साखरेची चढ कमी होते, त्याचे कारण हेच. हा नियम रुग्णाच्या शरीरास जसा लागू आहे तसाच निरोगी माणसाच्या शरीरासही. म्हणूनच मधुमेह्यासाठी सांगितलेला आहार व व्यायाम हा घरातील कोणाही प्रौढ माणसास हितकारकच असतो.

एका घरातील अनुभव

या संदर्भात एक अनुभव सांगणे अस्थानी होणार नाही. हा अनुभव प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्याच घरातील आहे.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना मधुमेह असल्याचे निदान झाले. आम्ही सर्वांनी मिळून त्यांच्यासाठी पथ्याची व्यवस्था केली, म्हणजे प्रत्यक्षात ती एकट्या आईने केली. त्यांच्यासाठी नाचणीची भाकरी, कमी तेलाची भाजी, बिनसाखरेचा चहा असा निराळा स्वयंपाक ती दोन वेळा करीत असे. आम्ही मुले सुटीच्या दिवशी गावी जाऊन बाबांना चार शब्द सुनावीत असू आणि मग त्यांच्यासमोर बसून भात-हुमण जेवत असू. बाबा मुकाट्याने भाकरी खात. सायंकाळी मात्र ते बाजारात वर्तमानपत्र वाचण्यास म्हणून जात आणि तेथे भजी-पाव खाऊन येत, हे आम्हांस फार उशिरा कळले. विचारले तेव्हा ते इतकेच म्हणाले, "घरात जेवताना मी जेवत नाही रे, शिक्षा भोगतो."

पण या अनुभवातील खरी गोष्ट पुढेच आहे. दोन वर्षांनंतर गावात आरोग्य तपासणीचे शिबिर भरले. आई बाबांना घेऊन तेथे गेली होती. तेथील परिचारिकेने आग्रह केला म्हणून तिनेही बोट पुढे केले. तिची साखर बाबांपेक्षा अधिक निघाली. "मला कुठे काय झालंय?" असे म्हणत ती बराच वेळ तो कागद पाहत राहिली. दोन वर्षे जिने घरात पथ्याचा स्वयंपाक केला, तिची तपासणी करावी असे आमच्यापैकी एकासही सुचले नव्हते. सर्वांचे झाल्यावर शेवटी पातेल्यात उरलेला भात टाकवत नाही म्हणून खाणारी तीच होती. आणि दिवसभर घरात राबते म्हणजे व्यायाम होतोच, असे तिच्याविषयी आम्हीच ठरवून टाकले होते.

त्यानंतर आमच्या घरात दोन स्वयंपाक होणे बंद झाले. एकच भाजी, एकच आमटी. ज्याला जे आणि जेवढे हवे ते प्रमाणात. सायंकाळी बाबा आणि आई दोघे मिळून देवळापर्यंत चालत जाऊ लागली. प्रारंभी दोघांत दहा पावलांचे अंतर असे, ते पुढे कमी झाले. गावी असलेली माझी पुतणी त्यांच्याबरोबर जाऊ लागली आणि न जाण्याची सबब तिच्यापुढे चालेना. यात चमत्कार काही घडला नाही. दोघांच्याही गोळ्या चालू राहिल्या. परंतु साखर आटोक्यात राहिली आणि बाबांचे बाजारातील भजी-पाव आपोआप सुटले.

उपदेश, आदर्श आणि सोबत

एका घराच्या अनुभवावरून सिद्धान्त काढणे योग्य नव्हे. परंतु या विषयावर झालेले शास्त्रीय अभ्यासही याच दिशेस बोट दाखवितात.

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे १२,०६७ व्यक्तींच्या ३२ वर्षांच्या नोंदी अभ्यासण्यात आल्या. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जोडीदार लठ्ठ झाल्यास त्या व्यक्तीचीही लठ्ठ होण्याची शक्यता ३७ टक्क्यांनी, तर भावंड लठ्ठ झाल्यास ४० टक्क्यांनी वाढलेली दिसून आली. म्हणजे वाईट सवय एकट्याची राहत नाही. चांगल्या सवयीचेही तसेच आहे. इंग्लंडमध्ये पन्नास वर्षे व त्यापुढील वयाच्या ३,७२२ जोडप्यांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. जे पुरुष पूर्वी व्यायाम करीत नव्हते, त्यांच्यापैकी पत्नी निष्क्रिय राहिली अशांतील २६ टक्केच व्यायामाकडे वळले. पत्नीनेही त्याच काळात व्यायाम सुरू केला अशांतील ६७ टक्के वळले. स्त्रियांच्या बाबतीत हे प्रमाण अनुक्रमे २४ आणि ६६ टक्के होते.

या अभ्यासातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. जोडीदार पूर्वीपासूनच नियमित व्यायाम करणारा असेल तर त्याचा काही परिणाम होतो. परंतु जोडीदार आपल्याबरोबर नव्याने आरंभ करतो तेव्हा होणारा परिणाम त्याहून मोठा असतो. आदर्शाकडे माणूस आदराने पाहतो आणि बसून राहतो. सोबतीबरोबर मात्र तो उठतो. उपदेशापेक्षा आदर्श बरा, आणि आदर्शापेक्षा सोबत बरी, असा हा क्रम आहे. मराठीत हा फरक केवळ एका अक्षराचा आहे. "फिरायला जा" असे म्हणण्याऐवजी "फिरायला जाऊ" असे म्हणावे. पहिल्या वाक्यात आज्ञा आहे, दुसऱ्यात सोबत आहे.

राहणीत केलेल्या बदलाने मधुमेह दूर ठेवता येतो, हेही सिद्ध झालेले आहे. चेन्नई येथील संशोधकांनी साखर वाढू लागलेल्या परंतु मधुमेह न झालेल्या ५३१ भारतीयांवर केलेल्या अभ्यासात, चालणे व आहारनियमन करणाऱ्या गटात तीन वर्षांच्या अवधीत मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी राहिले. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. अशी व्यक्ती आज प्रत्येक रुग्णाच्या घरात बहुधा असतेच. तो रुग्णाचा मुलगा असेल, मुलगी असेल किंवा धाकटा भाऊ असेल. रुग्णासाठी आखलेले पथ्य घराचे झाले तर त्याचा सर्वाधिक लाभ या, अद्याप रुग्ण न झालेल्या माणसांना होणार आहे.

औंधचे उदाहरण

घरापासून आरंभ करण्याचे एक जुने आणि ठळक उदाहरण औंध संस्थानचे आहे. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे आरंभी काही वर्षे सँडो या प्रसिद्ध पाश्चात्त्य मल्लाच्या पद्धतीने व्यायाम करीत असत. वयाच्या चाळिशीच्या सुमारास ते सूर्यनमस्काराकडे वळले. त्यांनी स्वतः नमस्कार नित्यनेमाने घातले, राणीसाहेबांनी घातले, मुलांनीही घातले. नंतरच तो व्यायाम संस्थानातील शाळांतून गेला. औंध संस्थानाचा गुणदाळ हा तालुका विजापूरच्या बाजूस, म्हणजे आजच्या कर्नाटकात होता. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत पुढे भारतीय परराष्ट्र सेवेत नावारूपाला आले आणि १९७० साली त्यांनी सूर्यनमस्कारावर पुस्तक लिहिले. चाळिशीतील एका गृहस्थाने सुरू केलेली सवय त्याच्या मुलाने प्रौढपणी जगापुढे मांडली. राजाला हुकूम काढून मोकळे होता आले असते. त्याने प्रथम आपल्याच घरात सतरंजी अंथरली, हे येथे महत्त्वाचे.

ताट कसे बदलावे

आता प्रत्यक्ष आचरणाकडे वळू. पहिला नियम असा की घरात चूल एक, पातेले एक. कोणासाठीही वेगळा स्वयंपाक करू नये. भेद करावयाचा तो प्रमाणात. वाढत्या वयाची मुले, गर्भवती स्त्री व अंगमेहनत करणारा माणूस यांना भात-भाकरी अधिक लागेल. बैठे काम करणाऱ्यास कमी. ताटाचा अर्धा भाग भाज्यांनी, पाव भाग कडधान्य वा मासळीने आणि उरलेला पाव भाग भात, भाकरी अथवा पोळीने भरावा, हे सोपे माप सर्वांनी लक्षात ठेवावे.

यासाठी बाहेरचे महाग पदार्थ आणण्याचे कारण नाही. तांबडी भाजी, मुळा, भेंडी, दोडका, शेवग्याचा पाला. चवळी, मूग, कुळीथ. नाचणीची भाकरी, हे सर्व आपलेच अन्न आहे. मासे तळण्याऐवजी हुमणात घालावेत. पोयी घेताना ती कोंड्यासह दळलेल्या गव्हाची आहे, की मैद्यावर वरून कोंडा भुरभुरला आहे, हे पाहून घ्यावे. उकडा तांदूळ चांगला, म्हणून त्याचा भात दोन वाढ्या जास्त घ्यावा, असे मात्र नाही. चतुर्थीच्या नेवऱ्या आणि मोदक कोणी सोडावेत असे येथे सुचवावयाचे नाही; परंतु चतुर्थीचा डबा दिवाळीपर्यंत पुरविण्याची प्रथा सोडण्यास हरकत नसावी.

दुसरा नियम एकत्र बसण्याचा. दिवसातून निदान एक वेळ घरातील सर्वांनी, स्वयंपाक करणारीनेही, एकाच वेळी पानावर बसावे. असे केल्याने उरलेला भात नेहमी एकीच्याच वाट्यास येण्याचे टळेल. भाजी निवडणे, चिरणे, भांडी आवरणे ही कामे पुरुषांनी व मुलांनी वाटून घ्यावीत. पथ्य म्हणजे घरातील स्त्रीच्या डोक्यावर आणखी एक काम, असा अर्थ झाल्यास ते पथ्य टिकणार नाही आणि टिकूही नये.

पावले कशी वाढवावीत

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे हालचाल हवी. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा आणि वृद्धांनी तोल सांभाळण्याच्या हालचालींचाही अंतर्भाव करावा, असेही त्यात म्हटले आहे. १५० मिनिटे ऐकताना फार वाटतात; पण तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटे असे पाच दिवस चालल्यास ती पूर्ण होतात. चालण्याची गती अशी असावी की बोलता यावे, परंतु गाता येऊ नये.

घरातील प्रत्येकाने एकेका वेळेची जबाबदारी घ्यावी. सकाळी मुलाला शाळेत पायी पोहोचविण्याचे काम आजोबांकडे द्यावे. दोघांचाही व्यायाम होतो आणि गोष्टीही होतात. रात्रीच्या जेवणानंतर पतिपत्नींनी वाड्यावरून एक फेरी मारावी. आपल्याकडे पाऊस चार महिने असतो, म्हणून चार महिने व्यायाम बंद ठेवण्याचे कारण नाही. ओसरीवर अथवा राजांगणाच्या कडेने फेऱ्या घालता येतात, सूर्यनमस्कारास दोन हात जागा पुरते. पावसात चतुर्थीच्या फुगड्या आणि हिवाळ्यात पौषातील धालो हे आपल्या पूर्वजांनी घालून दिलेले सामुदायिक व्यायामच होत. त्यात सासू, सून आणि नात एकाच मांडावर येतात. माटोळीसाठी लागणारी फळे-पाने जमविण्यास मुलांना बरोबर घेऊन डोंगरावर जाण्याची रीतही अशीच. त्यात चालणे होते आणि झाडांची ओळखही होते.

काही सावधगिरी

उत्साहाच्या भरात पुढील गोष्टी विसरू नयेत.

१. घरात एकास मधुमेह अथवा रक्तदाब असल्याचे निदान झाल्यास ३० वर्षांवरील सर्वांनी, विशेषतः स्त्रियांनी, तपासणी करून घ्यावी. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून विनामूल्य केली जाते. शिंप्याच्या फितीने कमरेचा घेर मोजावा. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर ही धोक्याची सूचना होय.

२. चालणे सुरू केले म्हणून गोळ्या किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने कमी अथवा बंद करू नये. मात्रा ठरविणे हे डॉक्टरांचे काम आहे.

३. अशी औषधे घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम उतरू शकते. घाम सुटणे, हात थरथरणे, भोवळ येणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी तत्काळ तीन चमचे साखर द्यावी. फिरावयास जाताना खिशात साखरेची पुडी असावी आणि बरोबरच्या माणसास त्याची माहिती असावी. सोबतीचा हाही एक उपयोग आहे.

४. मधुमेही व्यक्तीने अनवाणी चालू नये. रोज रात्री पायांचे तळवे पाहावेत. दृष्टी अधू असल्यास ते काम मुलानातवंडांनी करावे.

५. छातीत दुखणे अथवा धाप लागणे जाणवल्यास थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आहारात बदल करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शिक्षकांसाठी एक पाठ

घरात नवी सवय नेण्याचा सर्वांत जवळचा मार्ग शाळेतून जातो. इयत्ता पाचवी ते सातवीच्या वर्गात पुढील पाठ एका आठवड्यात घेता येईल.

पहिल्या दिवशी मुलांनी मिठाचे गणित सोडवावे. एका प्रौढ माणसास दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. चार माणसांच्या घरात हे दिवसाला २० ग्रॅम, महिन्याला ६०० ग्रॅम होते. यावरून एक किलो मिठाची पिशवी किती दिवस पुरावयास हवी? उत्तर ५० दिवस असे येते. लोणचे, पापड, फरसाण आणि खारवलेले सुके मासे यांतील मीठ वेगळे, म्हणून खरे तर ती याहूनही अधिक दिवस पुरली पाहिजे. आपल्या घरात ती किती दिवस पुरते, हे मुलांनी आईस विचारून यावे.

दुसऱ्या दिवशी तेलाचे गणित. माणशी दिवसाला सुमारे २५ ग्रॅम तेल धरल्यास चार माणसांस महिन्याला तीन किलो होते. खोबऱ्यातील तेल यात धरलेले नाही. वाण्याच्या यादीतील आकडा याच्याशी ताडून पाहावा.

पुढील चार दिवस मुलांनी वहीत एक तक्ता आखावा. डाव्या बाजूस घरातील प्रत्येकाचे नाते, वरील बाजूस वार. कोण किती मिनिटे चालले, याची नोंद मुलांनी स्वतः करावी. घरातील कोणाच्या आजाराची वा वजनाची नोंद मात्र शाळेत मागू नये. तो त्या घराचा खासगी प्रश्न आहे. शेवटच्या दिवशी तक्त्यात कोणाचे रकाने रिकामे राहिले आणि त्यांस वेळ का मिळाला नाही, यावर वर्गात चर्चा घ्यावी. बहुतेक तक्त्यांत आईचा रकाना रिकामा आढळेल. मग तिची कोणती दोन कामे आपण केली असता तिला वीस मिनिटे मिळतील, असा प्रश्न शिक्षकांनी मुलांस विचारावा. पाठाचा खरा गृहपाठ तो हाच. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हे तक्ते मांडल्यास पालकांनाही वेगळे व्याख्यान देण्याची आवश्यकता उरणार नाही.

समारोप

शासनाने आरोग्य केंद्रे उघडली, औषधे उपलब्ध करून दिली, तपासणीची सोय केली. परंतु स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापाशी शासनाचा हात थांबतो. तेथून पुढचे काम कुटुंबाचे आहे. त्यासाठी मोठा खर्च वा मोठा निर्धार लागत नाही. आज रात्री जेवण झाल्यावर घरातील ज्या व्यक्तीस आपण आजवर "फिरायला जा" असे सांगत आलो, तिच्या चपला दारात ठेवाव्यात, शेजारी आपल्याही ठेवाव्यात आणि म्हणावे, "चला, जाऊ."